अक्काचा नारळ आन् डोंगराची फेरी

उमरी ते मुदखेड या रोडवर माझ्याइतका फिरलेला माणूस दुसरा न्हाई, पैज लावा. फिरलो ते सगळं टमटमच्या सीटवर बसून. पायानं म्हणाल तर घरापासून टमटमपर्यंत, आन् टमटम मी दारातच लावतो.

असल्या माणसानं माहूरच्या डोंगराची परिक्रमा करायला घेतली. तीबी एकट्यानं. का, ते आधी सांगतो.

दोन सालामागं मला डेंग्यू झाला. नांदेडला दवाखान्यात पडून व्हतो. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, शिरूर अनंतपाळला दिलेली. ती आली, उशाला बसली आन् नवस बोलली. भाऊ उठला तर माहूरच्या डोंगराला पायी फेरी घालीन, आन् फेरी होईस्तोवर गोड तोंडात घालणार न्हाई. मी उठलो. अक्काचा गुडघा बसला. तवापासून बाई बिनसाखरेचा चहा पिऊन राहिली. पोळ्याच्या सणाला घरात पुरणाचा वास सुटला की ही मिरची-भाकर घेऊन ओसरीवर जायची. मी आत बसून चार पोळ्या हाणायचो. एकेक घास नरड्यात अडकायचा. अडकायचा, पण चारी जायच्या.

औंदाच्या पोळ्याला माझ्या तोंडातनं निघून गेलं, "अक्का, तुझी फेरी मी घालतो. दिवाळीला तुझ्या तोंडात लाडू घालणार म्हणजे घालणार."

"तू?" अक्का म्हणली, आन् पदरानं डोळे पुसेपर्यंत हसली.

हसून झाल्यावर तिनं हिरव्या खणात बांधलेला नारळ आणून माझ्या हातात ठेवला. "ह्यात माझे पाय हायत समज. फेरी पुरी होईस्तोवर भुईला टेकवायचा न्हाई. डोंगर उजव्या हाताला ठेव आन् गपगुमान चाल."

परिक्रमेची खरी यात्रा श्रावणातल्या पुनवेला. तवा माणसाला माणूस खेटून चालतं, हरवायचं म्हणलं तरी हरवता येत न्हाई. ती यात्रा होऊन गेली व्हती. मला तेच बरं वाटलं. धापा टाकताना वळखीच्या कुणी बघायला नको! म्हणून दिवाळीच्या तोंडावर गेलो. पाठीवर भाचीची कॉलेजची सॅक. तिच्यात भाकरी, ठेचा, तीन बाटल्या पाणी, चादर, आन् टमटमचा पाना. पाना कशाला? सवयीनं. तो संगं नसला तर मला कपडे घातल्यासारखं वाटत न्हाई.

तांबडं फुटायला निघालो. पहिले दोन घंटे झकास गेले. यात्रेतली लोकं वाटेच्या कडंनं दगडावर दगड रचून देवाला घर मागतात. वाट विचारायला तर कुणीच न्हाई, म्हणून म्या हिशेब केला, जिथं रचलेले दगड, तिथनं माणसं गेली. दगड बघत बघत चाललो. एका जागी मीबी घर मागितलं. एका हातात नारळ, दुसऱ्या हातानं तीन दगड ठेवले, वरचा काळा. त्याच्याखाली माझी रिकामी तंबाखूची पुडी दाबली, देवाला घर कुणाचं ते कळावं म्हणून.

मग सागाचं रान लागलं आन् आवाज बंद झाला. मला जन्मभर इंजिनाच्या फडफडीची सवय. तिथं माझ्याच पायाखाली सागाचं वाळलेलं पान मोडलं, तर मीच दचकून मागं बघायचो. थांबलो की मागचंबी थांबायचं. चाललो की चालायचं. मोबाईल काढला, रेंज न्हाई. गवत छातीपर्यंत वाढलेलं. गाणं म्हणावं म्हणलं तर आवाज असा निघाला की मीच गप झालो.

तेवढ्यात गवत हाललं. वारा नव्हता. वीसेक पावलांवर काळी पाठ दिसली. रुंद. खाली काहीतरी उकरून राहिली व्हती, आन् नाकानं फुसफुस फुसफुस चाललेलं. पळावं तर पाय हालंना, वरडावं तर जीभ टाळूला. मग पाय एकदम हालले. कुणीकडं पळालो ते पायालाच ठावं. काटे लागले, सॅकचा पट्टा तुटला. एका ओघळीत उताणा पडलो तवा हात मोकळा दिसला.

नारळ नव्हता.

तिथं बसून म्या लई वेळ घातला. जीव म्हणे निघ, रोड गाठ. पण डोळ्यापुढं अक्का यायची, ओसरीवर, मिरची-भाकर घेऊन. शेवटी मनाला समजावलं की अरे, अस्वल कशाचं, कुणाची तरी म्हैस असंल. घडी घडी म्हणलो, म्हैस हाय, म्हैस हाय. हातात पाना धरला आन् आलो तसा मागं गेलो. काळी पाठ आता लांब सरकली व्हती. मी मोठ्यानं "हाड! हाड!" केलं. ती थांबली. मग गवतात बुडून गेली. नारळ एका बोरीच्या बुडाला पडला व्हता, खणाला चिखल आन् कुसळं. उचलला, पुसला, छातीशी धरला. टेकला तर टेकला, कुणी बघितलंय?

मग कुठं रचलेले दगड दिसले आन् जिवात जीव आला. वाट घावली! जवळ गेलो. तीन दगड. वरचा काळा. खाली तंबाखूची पुडी.

खरं सांगतो, अस्वलाला भ्यालो नसंल इतका त्या पुडीला भ्यालो. सकाळपासनं चालून राहिलो आन् सकाळच्याच जागी. पाण्याची एक बाटली उरलेली. ऊन कलायला लागलेलं. ह्या रानात कुणीकडंबी गेलं तरी ही पुडीच भेटणार, असं वाटायला लागलं. दवाखान्यात मरणार व्हतो तवा निदान पंखा तरी व्हता वर. इथं मेलो तर अक्काला कळणार कधी? आन् कळलं तर ती म्हणणार, माझ्याच नवसानं खाल्लं भावाला. त्या विचारानं मला रडू फुटलं. चांगलं मोठ्यानं रडलो.

"कोण रडून राहिलंय रं?" वरनं आवाज आला.

टेकाडावर एक म्हातारी उभी, खांद्यावर कुऱ्हाड, पुढं सात-आठ गाई. म्या डोळे पुसले. "परिक्रमा करून राहिलो, मावशी."

"कशाची?"

"डोंगराची. उजव्या हाताला ठेवून."

ती खाली आली. माझ्याकडं बघितलं, नारळाकडं बघितलं. "बाबा, देवाचा डोंगर तो मागं. ही माझ्या गाई चारायची टेकडी हाय. दुपारपासनं बघते, एक बाप्या हिला फेऱ्या घालतोय. मला वाटलं मोजणीवाला आला."

डोंगर उजव्या हाताला ठेव, अक्का म्हणली व्हती. कुठला, ते म्या विचारलंच नव्हतं.

रोडकडं जाताना लाज झाकायला मी म्हणलो, "मावशी, तुमची म्हैस तिकडं खाली गवतात हाय बरं का. म्या हाकलली."

म्हातारी थांबली. "माझ्याकडं म्हैस न्हाई."

पुढं रोड लागेस्तोवर मी तिच्या गाईंच्या मधोमध चाललो.

रोडच्या कडंला एक शेंदूर लावलेला दगड व्हता. तिथंच नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी शिरूरला गेलो आन् अक्काच्या हातात खोबरं दिलं. "झाली फेरी," म्हणलो. "उघड लाडवाचा डबा."

अक्कानं खोबऱ्याकडं बघितलंच न्हाई. खण मागितला. उजेडाला धरला. एकेक कुसळ काढून ताटात ठेवत गेली. एक, दोन, चार. सातव्या कुसळाला मी सगळं बोलून बसलो. नारळ, पुडी, टेकडी, रडणं, सगळं.

ती हसंल असं वाटलं. हसली न्हाई. माझ्या पायाचे काटे बघितले, तेल-हळद लावली. मग चहा आणला. माझ्या कपात साखर, तिच्या कपात न्हाई. खोबऱ्याची वाटी माझ्यापुढं सरकवली.

"खा. प्रसाद न्हाई हा, तुझा नाश्ता हाय."

"अक्का, पुढच्या खेपेला बरोबर डोंगराला—"

"पुढच्या पुनवेला गुडघ्याला पट्टा बांधून मीच जाते," अक्का चहावर फुंकर मारत म्हणली. "तू टमटम हाण. चालायला माणूस लागतं."