लाख्याच्या गळ्यातलं लोढणं

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितो. जेवण झाल्यावर नातीसोबत टीव्हीवर एक मालिका पाहिली. त्यात हुबेहूब माणसासारखं एक यंत्र होतं, पण खोलीत कोंडून ठेवलेलं. ते विचारत होतं, "माझं काय चुकलं?" आणि तिथेच भाग संपला.

मी नातीला म्हटलं, "आता त्याले चार्जिंग कोण करत असंल वं?"

ती हसली. "आबा, तो नट आहे! घरी जाऊन जेवत असंल."

मला मात्र आमचा लाख्या बैल आठवला. लहानपणी आमच्या गावी, दुसरबीडला, त्याला चारताना मी बाभळीखाली झोपलो आणि तो दुसऱ्याच्या कपाशीत शिरला. त्या शेतकऱ्याने त्याला कोंडवाड्यात घातलं. वडिलांना मी सांगितलं, "दावं तोडून पळाला."

आई भिंतीवरून कडबा टाकायची, आतल्या सगळ्याच जनावरांना पुरेल इतका. दोन दिवसांनी दंड भरल्यावर लाख्या सुटला, पण पळपुटा म्हणून वडिलांनी त्याच्या गळ्यात लाकडाचं लोढणं बांधलं. ते शेवटपर्यंत राहिलं.

मी झोपलो होतो, हे आज पहिल्यांदा सांगतो. तुमच्या चुकीची शिक्षा कधी दुसऱ्या कोणी भोगली का हो?