वोल्टरचा कुत्रा

वोल्टर गेला तेव्हा त्याची बायको लामी रडली नाही. गावाने ते पाहिलं आणि गावाला जे बोलायचं ते गाव बोललं. माझं घर त्यांच्या घराला लागून, उजव्या हाताला, म्हणजे रीतीप्रमाणे मी त्यांची पहिली शेजारीण. आमच्या ड्रेंटेत, हॉलंडच्या या ईशान्य कोपऱ्यात, शेजार हे प्रेमाचं नातं नसतं, ते काम असतं. माणूस गेलं की पहिल्या शेजाऱ्याने यायचं, गावात कळवायचं, पेटी उचलणारी माणसं ठरवायची, दफनानंतरची कॉफी आणि पाव-चीज बघायचं. घरच्यांनी फक्त बसायचं. लामी बसली. हिवाळा सरत आला तरी ती त्याच खुर्चीत बसलेली होती, आणि मला आता तिचा राग यायला लागला होता.

कारण ही बाई अशी नव्हती. गावच्या बेकरीच्या काउंटरमागे तिने उमेदीची सगळी वर्षं काढली. कुणी पाव शिळा निघाला म्हणून परत आणला तर त्याला ती अशी झापायची की तो माणूस मुकाट्याने दुसरा विकत घेऊन जायचा. वोल्टर बटाट्याच्या पिठाच्या कारखान्यात होता, स्वभावाने गरीब. घरात तिचंच चालायचं. फक्त एका बाबतीत तो तिला बधला नाही, तो म्हणजे कुत्रा. दुराक त्याचं नाव, म्हणजे उनाड, आणि नावाला जागणारा. काळा-पांढरा, दलदलीचा वास मारणारा. लामी त्याला स्वयंपाकघराच्या पुढे येऊ द्यायची नाही. "एक तर त्याला तरी धुऊन आण नाहीतर तू तरी धुऊन ये," असं ती वोल्टरला दारातच सुनवायची. दोघंही मागच्या नळावर जायचे.

वोल्टर गेल्यावर दुराकला फिरवायचं तिच्याकडे आलं. रोज सकाळी ती आणि तिचा दुराक, मी आणि माझा म्हातारा बुटका कुत्रा मोप, असे आम्ही राखीव रानात जायचो. आधी वाळूची वाट, मग हीदरच्या झुडपांचा माळ, त्या दिवसांत नुसता तपकिरी, मग मेंढ्यांचं कुंपण आणि त्यापुढे दलदलीवरून जाणारी फळ्यांची वाट. कुत्रे पट्ट्यात, कारण तिथे सोडायला बंदी आहे. मी बोलायची, लामी चालायची.

"टोपी तरी घाल गं. कान गळून पडतील," मी एकदा म्हणाले.

"पडू देत," ती म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती.

तिचा मुलगा हार्म उट्रेख्टला असतो. पोरगा चांगला आहे, पण घाबरला की तो कामाला लागतो, आणि आईला बघून तो फार घाबरला होता. त्याने आसन शहरात तिच्यासाठी फ्लॅट ठरवला. लिफ्ट, गरम फरशी, खाली डॉक्टर. कुत्रे चालत नाहीत. दुराकसाठी त्याने एक कुटुंबही शोधलं आणि शनिवारी येऊन त्याला घेऊन जायचं पक्कं केलं. हे सगळं त्याने मला फोनवर सांगितलं.

"आईला विचारलंस?"

"विचारलं ना, रूलीन मावशी. हो म्हणाली."

"तुझी आई सध्या सगळ्यालाच हो म्हणते. उद्या तिला विचार, चंद्रावर जातेस का. बॅग भरून बसेल."

"मग मी काय करू, सांग ना."

मी फोन ठेवला आणि पलीकडे जाऊन लामीलाच गाठलं. ती खुर्चीत, दुराक स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. वोल्टर नसला तरी तो उंबरा ओलांडत नव्हता.

"शनिवारी कुत्रा जाणार. तुला काहीच वाटत नाही?"

"नाही गं." दूध संपलंय सांगावं तशा सुरात ती बोलली. "वाटलं असतं तर बरं झालं असतं."

शुक्रवारी सकाळी मोपच्या पंजात काटा गेला. तो काढेपर्यंत मला उशीर झाला आणि लामी माझ्याविना निघून गेली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मोपला घेऊन मी मागून निघाले.

फळ्यांची वाट सुरू होते तिथे डावीकडे एक जुनी वाट फुटते. वोल्टरचा बाप त्या वाटेने पीटची, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीची, ढेकळं ढकलगाडीतून आणायचा, चुलीसाठी. पुढे पीट बंद झालं, पण वोल्टरच्या घरची माणसं पलीकडच्या टेकाडावर जायला तीच वाट वापरायची. लामी नवरी म्हणून आली तेव्हापासून त्या वाटेने गेलेली. आता मधल्या काळात राखीव रानवाल्यांनी पाणी काढून टाकणारे जुने चर बुजवले, दलदल पुन्हा ओली व्हावी म्हणून. पाणी वर आलं. वरून वाट तशीच दिसते, शेवाळ आणि गवत. खाली लापशी झाली आहे. रानाच्या फाटकाशी तसा मोठा फलक आहे. तो आमच्या गावातल्या कुणी कधी वाचला नाही. फलक सायकलवरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी असतो, आम्ही तर तिथलेच.

आधी मला दुराक दिसला. मोकळा. पट्टा फळ्यांवर पडलेला आणि हा जुन्या वाटेच्या तोंडाशी मागच्या पायांवर बसलेला, समोर बघत. भुंकत नव्हता. मी तो बघतोय तिकडे बघितलं.

लामी कमरेपर्यंत आत होती. हात शेवाळावर ठेवलेले, चेहरा बसची वाट बघत असल्यासारखा.

"काय करतेयस तिथे?" मी विचारलं.

"उभी आहे."

"ते दिसतंय मला. हाक का मारली नाहीस?"

तिचे ओठ निळे पडले होते. मी मोपचा पट्टा सोडला, तो दुराकच्या पट्ट्याला बांधला, फळीवर पालथी पडले आणि टोक तिच्याकडे फेकलं. दुसऱ्या फेकीला ते बरोबर तिच्या हातापाशी पडलं. तिने त्याच्याकडे बघितलं आणि हात हलवला नाही.

"पकड."

ती नुसती बघत राहिली. तेव्हा मला कळलं की ती घाबरून गप्प नाहीये. ती ठरवतेय. मी घाबरले की भांडते, तसा माझा स्वभावच आहे.

"हे बघ लामी. तुझ्या नवऱ्याची पेटी उचलायला माणसं मी शोधली. सगळ्यांच्या पाठी दुखतात, एक तयार होत नव्हता. एवढ्यात पुन्हा त्यांच्या दारात जायला मी मोकळी नाहीये. पकड तो पट्टा."

तिने मान वळवली. माझ्याकडे नाही, दुराककडे. तो तसाच बसलेला, हलला नव्हता.

"त्याने अजून सकाळचं खाल्लं नाहीये," ती म्हणाली. आणि पट्टा धरला.

तिला ओढून काढणं म्हणजे काय ते माझा खांदा अजून सांगतो. घरी आणलं, कपडे काढले, गरम पाण्याखाली उभी केली, वाटाण्याचं सूप समोर ठेवलं. तिने आधी दुराकच्या वाटीत त्याचं खाणं घातलं आणि मग सुपाला हात लावला.

"त्याला सोडलंस कशाला?"

"शेवटचा दिवस होता. वाटलं, पळू दे एकदा. तो वोल्टरच्या वाटेने पुढे गेला, म्हणून मी मागे गेले. तो हलका, पार झाला. मी राहिले."

"आणि हाक?"

तिने चमचा खाली ठेवला. "पाणी गार होतं. पण ते पायांना कळत होतं, मला नाही. वाटलं, कुणी आलं तरी ठीक, नाही आलं तरी ठीक. मग तो परत आला आणि तिथे बसला."

मी रडले. हमसून हमसून, तिच्या स्वयंपाकघरात, जे तिने करायला हवं होतं ते. तिने उठून मला भांडी पुसायचं फडकं आणून दिलं आणि परत सूप प्यायला बसली.

शनिवारी हार्म गाडी घेऊन आला. मी कुंपणापाशीच होते, उगीच झुडपं छाटत. दलदलीचं मी त्याला सांगितलं नव्हतं. ते सांगायचं काम तिचं. लामी दारात आली ती कोट घालून, दुराक पट्ट्यात, तिच्या पायाशी.

"आई, त्याची टोपली कुठंय? मागच्या सीटवर ठेवतो."

"टोपली राहू दे. तो जाणार नाहीये."

"अगं, आपलं ठरलं होतं ना? फ्लॅटवाल्यांना मी काय सांगू?"

"काहीही सांग."

"तुला तर तो कधी आवडलासुद्धा नाही."

"आवडत नाहीच. घाण आहे नुसती."

"मग?"

मी कात्री खाली केली. लामीने खूप वेळ घेतला. बेकरीत असती तर एवढ्या वेळात तिने रांग संपवली असती.

"हार्म, मला काही वाटत नाही. बाबा गेले त्याचं नाही, आणि तू आलास त्याचंही नाही. तू रागावू नकोस. सकाळी जाग येते तेव्हा उठायला एकसुद्धा कारण सापडत नाही मला. मी शोधते, पण सापडत नाही. मग हा दाराशी येऊन उभा राहतो आणि याला बाहेर न्यावं लागतं."

हार्मचा हात गाडीच्या दारावर होता, तो तिथेच राहिला. त्याचं तोंड एकदम लहानपणचं झालं. मला वाटलं आता हा डॉक्टरचं नाहीतर आणखी कशाचं तरी ठरवायला लागेल. पण त्याने गाडीचं दार लोटून दिलं.

"मी येऊ का बरोबर?"

लामीने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"ते शहरातले बूट काढ आधी," ती म्हणाली. "मागे बाबांचे आहेत, ते घाल."