वाणाचा डबा

यंदा गणपती उठायच्या आदल्या दिवशी, ऐन संध्याकाळच्या आरतीला, मिरजेत स्टेशनामागच्या आमच्या गल्लीत दोन माणसांवर अन्याय झाला. एक सतारींना पॉलिश करणारा गडी, दुसरे माझ्या आत्याचे मालक. गड्याला मार बसला आणि मालकांच्या पंक्चरच्या टपरीला कुलूप. गुन्हा काय, तर एक डबा परत केला.

आत्याच्या मालकांना आम्ही मामा म्हणतो. अख्ख्या सातारा-सांगलीत इतका गोंधळात टाकणारा माणूस दुसरा नसेल. मी साताऱ्याहून इथे संस्थेच्या कामाला आले. सुईने नशा करणाऱ्यांना नवी सुई द्यायची, वापरलेली परत घ्यायची, म्हणजे एकाची सुई दुसऱ्याला लागत नाही, एचआयव्ही आणि कावीळ पसरत नाही. सरळ काम आहे. त्याची पत्रकं मीच लिहिते आणि पत्रकातलं पहिलं वाक्य आहे, ‘कुणालाही नावं ठेवू नका.’ मामा आमचे स्वयंसेवक, आणि त्यांचं पहिलं वाक्य असतं, “या गाढवांनो!” मी कपाळाला हात लावते. गाढवं मात्र हसत येतात, आणि माझ्या खुर्चीसमोरून, मी किती का गोड बोलेना, सरळ त्यांच्या टपरीकडे जातात. सकाळी व्यसनमुक्तीच्या फेरीत सगळ्यांत मोठा आवाज मामांचा. फेरी संपली की तोच ‘नशा सोडा’चा फलक ते उन्हासाठी टपरीवर बांधतात आणि त्याच्या सावलीत बसून सुया वाटतात. मी एकदा चिडून विचारलं, “मामा, तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे?” म्हणाले, “म्या नशेच्या इरोधात हाय की. लय इरोधात हाय.” “मग ह्या सुया?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच नशा करून आलेय. “आता सुयांचा हितं काय संबंध गं?”

मामांचं घराणं म्हसवडकडचं, मेंढरं राखणारं. मामा पुढे फौजेत गेले, पण हात मेंढपाळाचाच राहिला. कुणीही आलं की आधी पापणी खाली ओढून डोळा बघणार, मग जीभ, मग दंडाची जखम, आणि शेवटी पाठीवर एक थाप. पॉलिशवाल्या गड्याचं मनगट पिकलं तेव्हा मामांनी त्याला लुनावर मागे बसवून दवाखान्यात नेलं. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा! पण तिथल्या माणसाने गड्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगितलं, “आधी नशा सोड, मग ये.” मामा तिथल्याच बाकड्यावर आडवे झाले. “माजी बी छाती दुखतीया. म्या बी आधी बिडी सोडून येऊ व्हय?” मनगटाला पट्टी झाली. परतताना मामांनी गड्याला वाटभर शिव्या दिल्या आणि टपरीवर पोचताच स्वतः बिडी पेटवली.

आता डब्याचं. वापरलेल्या सुया ठेवायचे संस्थेचे डबे संपले होते. आत्याने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून घट्ट झाकणाचे जाड प्लॅस्टिकचे डबे लुटले होते. झाकणावर तिचं नाव, घराचा पत्ता आणि ‘सप्रेम भेट’. उरलेले माळ्यावर होते. मामांनी ते काढले, पोरांना वाटले आणि बजावलं, “भरला की आणून द्यायचा. हिकडंतिकडं टाकाल तर बगा!” बाकीची पोरं भरलेला डबा टपरीवरच आणून द्यायची. पॉलिशवाल्याने झाकणावरचा पत्ता वाचला आणि नेमका आरतीच्या वेळी आत्याच्या दारात आला; मंडळाचा मांडव तिच्या दारासमोरच. अंघोळ केलेला, इस्त्रीचा शर्ट. त्या दिवशी खिरापतीची पाळी आत्याची होती. शेजारच्या काकूंनी ओळखीचा डबा पाहिला आणि “आली बाई खिरापत!” म्हणत त्याच्या हातातून घेतला. तोही हात जोडून आरतीत उभा राहिला. काकूंनी वरचं फडकं सोडलं आणि झाकण उघडलं.

पुढचा गोंधळ मी सांगू शकत नाही, कारण तो मला स्वतःलाच नीट कळला नाही. गल्लीतल्या प्रत्येक घरात अगदी तसाच डबा, कुणाचं जिरं त्यात, कुणाचा साबुदाणा. बायका आरती टाकून आपापला डबा बघायला घराकडे धावल्या. मंडळाच्या पोरांनी गड्याला धरलं. तो मार खाता खाता म्हणत होता, “आवं, मामांनीच सांगितलंय, भरला की आणून दे!” मामा मध्ये घुसले, दोन फटके स्वतः खाल्ले, आणि आधी त्यालाच ओरडले, “गाढवा, टपरीवर आणायचा हुता!” मग गल्लीकडे वळून, छाती काढून विचारलं, “एक तरी सुई भाईर सांडली का? न्हाई न्हवं?” सगळे रागाने लाल, आणि हा माणूस अभिमानाने फुललेला. त्यानंतर गल्लीने टपरीला कुलूप ठोकलं.

गडी तेव्हापासून दिसलेला नाही. कुणी म्हणतं सांगलीला गेला, कुणी म्हणतं रेल्वेत बसला. नवी सुई त्याला कोण देत असेल, मनगटाची पट्टी कोण बदलत असेल, कुणास ठाऊक. मामा बंद टपरीपुढे बादली उपडी घालून बसतात. कुणालाच गाढव म्हणत नाहीत. पोरं येतात, थोडा वेळ उभी राहतात आणि अवघडून निघून जातात. काल मी शेजारी बसले तर म्हणाले, “पोरी, त्यानं डबा पुसून आणला हुता बग. वरनं धुतलेलं फडकं बी बांधलं हुतं.” असल्या वेळी काय बोलायचं ते माझ्या पत्रकात नाही.

म्हणून हे पत्रक नाही. गल्लीतल्या लोकांनो, टपरीचं कुलूप काढा, आजच. तुमच्या फडताळातला डबा नको वाटत असेल तर फेकू नका, आत्याकडे द्या. आणि वाचणाऱ्या तुम्ही, जिथे असाल तिथे, मनगटाला पट्टी बांधलेला, बोटांना पॉलिशचा वास येणारा एक गडी दिसला तर त्याच्यावर हात उचलू नका. मामा त्याची वाट बघत बसलेत, एवढं त्याला सांगा.