आईचा जबडा

माझा खालचा जबडा वरच्याच्या पुढे होता. तोंड मिटलं की खालचे दात वरच्या दातांच्या बाहेर यायचे, त्यामुळे पुढच्या दातांनी मला काहीच तोडता येत नसे. पेरू असो की पाव, दाढेखाली धरून ओढायचा. हा जबडा मला आईकडून आला आणि आईला तिच्या उलव्याकडच्या माहेराकडून. आमच्याकडे त्याला कुणी दुखणं म्हणत नव्हतं. चेहराच तसा, एवढंच.

सव्विसाव्या वर्षी, पनवेलच्या एका वकिलाकडे टायपिंग करत असताना, मी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक, खालचे दोन दात काढून बाकीचे तारांनी मागे ओढायचे. दात दातांवर बसतील, पण हनुवटी आहे तिथेच राहील. दुसरा, आधी वर्षभर तारा, मग जबड्याचं हाड कापून मागे बसवायचं, पट्ट्या-स्क्रूंनी जोडायचं आणि पुन्हा काही महिने तारा. माझा फरक मोठा होता, नुसत्या तारांनी तो पुरता जाणार नव्हता. मी दुसरा रस्ता धरला. वडील म्हणाले, "तुझं तू बघ." आई म्हणाली, "आमी नाय का जेवलो इतकी वर्सं?"

मी तिच्यावर ओरडले. त्या वर्षात मी बरंच ओरडले.

कारण तारा लागल्यावर प्रकरण सुधारायच्या ऐवजी बिघडत गेलं. खालचे दात महिन्यागणिक आणखी पुढे येऊ लागले. डॉक्टरीणबाईंनी हे आधीच सांगितलं होतं, पण कानांनी ऐकणं वेगळं आणि आरशात बघणं वेगळं. आई ताट वाढताना म्हणायची, "करायला गेली गनपती नि झाला मारुती." अर्ध्यावर सोडलं तर पहिल्यापेक्षा वाईट तोंड घेऊन जगावं लागेल, हे तिला समजावायला मला सवड नव्हती. अडाणी हट्ट म्हणून मी तो विषय संपवून टाकला होता.

ऑपरेशनच्या फॉर्मवर जवळच्या माणसाची सही लागत होती. मी पेन वडिलांपुढे केलं, ते आईनेच घेतलं आणि सही केली. मी चाट पडले. कारण मात्र विचारलं नाही.

ऑपरेशन ठीक झालं. काप तोंडाच्या आतून होता, बाहेर खूण नाही. तोंड मात्र भोपळ्याएवढं सुजलं. वरचे-खालचे दात रबरांनी बांधलेले. आई सिरिंजने डाळीचं पाणी भरवायची. ओठ बधिर होता, ओघळलेलं मला कळत नसे, ते ती पुसायची.

अडीच महिन्यांनी आई आणि मी तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मऊ पाव तोडून बघायला सांगितलं. पुढच्या दातांनी तो सरळ तुटला. मला हसूच आलं.

"आता आईंची शंका फिटली असेल," त्या म्हणाल्या. तेव्हा मला कळलं. सहीच्या आधी, माझ्या नकळत, आई एकदा रिक्षा करून तिथे भांडायला गेली होती, पोरीचे दात होते तसे करून द्या म्हणून. बाईंनी तिच्या हातात आरसा देऊन तिचेच दात तिला दाखवले. एकमेकांना टेकता यावं म्हणून तिचे खालचे दात वर्षानुवर्षं आत कलले होते, वरचे बाहेर. लेकीचे असेच कललेले दात आधी सरळ उभे करतेय, त्याशिवाय हाड जागेवर बसणार नाही, असं त्यांनी समजावलं होतं. जे मी वर्षभर सांगितलं नाही, ते त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं.

"डॉक्टर," आई म्हणाली, "माज्या वयाला करतात का हे?"

"नुसत्या वयाने अडत नाही. पण आधी हिरड्या आणि हाड बघावं लागेल."

"नको. सहज इचारलं."

मला लाज वाटली. इतकी वर्षं आम्ही एकत्र जेवलो, आणि तुला काय तोडता येत नाही, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

"आजच बघा ना," मी बाईंना म्हटलं.

"घरी भात टाकायचाय," आई म्हणाली. आणि पिशवी माझ्याकडे देऊन तपासायच्या खुर्चीत जाऊन बसली.