कासारवाडी ते चाकण: जेवणाच्या सुट्टीनंतर पाणी बंद

गड, घाटवाटा आणि कोकणातल्या खानावळी सोडून मी या ब्लॉगवर चाकणबद्दल का लिहितोय, असं नेहमीच्या वाचकांना वाटेल. चाकणला फिरायला कोण जातं? मीही गेलो नसतो. मला आबांनी पाठवलं होतं. हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतो, कारण ज्या बाईसोबत मी गेलो तिला हे सांगितलं नव्हतं.

आबा म्हणजे आमच्या कासारवाडीतले नगरसेवक. त्यांच्या फ्लेक्सवरचा मजकूर आणि भाषणं मी लिहून देतो. पैसे घेत नाही. चारचौघांत ते ‘हे आमचे लेखक’ अशी ओळख करून देतात, त्यावर माझं भागतं. कंपनीत दिवसभर एक्सेल भरणाऱ्या माणसाला एवढं पुरतं.

महापालिकेची निवडणूक जवळ आली होती आणि पक्षात इच्छुकांच्या मुलाखती व्हायच्या होत्या. आमच्या प्रभागातली जागा खुली होती, बाई-पुरुष कुणीही मागावी. तिकीट आबांनाच मिळणार हे सगळे धरून चालले होते. बैठकांमध्ये विषयही ठरलेले असायचे, उद्यान, सुशोभीकरण आणि पुलावरची रोषणाई. अशाच एका बैठकीत सुनंदाताई उठून उभी राहिली.

सुनंदाताई आमच्या जुन्या चाळीतली. तिचे वडील आणि माझे वडील एकाच कंपनीत, एकाच खात्यात होते. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत तिनं मला हाताला धरून फिरवलंय. आता ती चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहे. ती म्हणाली, “पुलावर लाइटिंग झालं, चांगलं झालं. पुलाखाली पहाटे बसची वाट बघत ज्या बायका उभ्या राहतात, त्यांनी लघवीला कुठं जायचं? मी तिकीट मागणार आहे आणि हेच विचारणार आहे.”

लोक हसले. पण पुढच्या बैठकीत कुणी दुसऱ्या कशावर बोलेचना. बायका तेच विचारायला लागल्या, मग त्यांचे नवरे विचारायला लागले. रोषणाईचा विषय निघाला की मागून कुणीतरी खाकरायचं. आबा माणूस ओळखण्यात पक्के. त्यांनी मला घरी बोलावलं.

“ती बोलती त्ये खरं हाय,” आबा म्हणाले. “पन आपल्या तोंडून यायला पायजे. तू जा तिच्यासंगं एक दिस. तुझ्या त्या ब्लॉगचं सांग. बघ, काय काय हाय ते, आन मला लिहून दे.”

मी ‘न्हाई’ म्हणालो नाही.

निघालो तो दिवस शुक्रवार. (तुम्ही शुक्रवार टाळा, संध्याकाळी नाशिक रस्ता जागचा हलत नाही.) पहाटे साडेपाचला नाशिक फाट्याच्या पुलाखाली दहा-बारा बायका उभ्या होत्या, स्वेटरवर स्कार्फ बांधून. सुनंदाताईनं माझी ओळख करून दिली, “हा मिलिंद. आमच्या चाळीतला. नेटवर प्रवासाचं लिहितो, हजारो लोक वाचतात.” हजारो हा तिच्या मायेचा आकडा. ठेकेदाराची बस आली, मला ड्रायव्हरशेजारची सीट मिळाली.

भोसरीपर्यंत रस्ता रिकामा होता. मोशीला चिखलीहून आलेल्या चौघी चढल्या. त्यांतली चंद्रकला लातूरकडची, तिनं डब्यातली धपाटी आणि ठेचा मला आग्रहानं दिला. पुढे कुरुळीपाशी उजाडलं. एका बाजूला कंटेनरची रांग आणि दुसऱ्या बाजूला कांद्याची रोपं, हे दृश्य मला आवडलं. मी फोटो काढले आणि तेवढा वेळ खरोखर स्वतःच्या ब्लॉगसाठी आलोय असं वाटून घेतलं.

सातला त्यांची शिफ्ट सुरू झाली. मला गेटच्या आत सोडणार नव्हतेच, म्हणून मी पुढे राजगुरुनगरला गेलो. चाकणहून एसटी किंवा पीएमपी मिळते, अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता, पन्नासच्या नोटेत सुटे परत येतात. स्टँडजवळ मिसळ खाल्ली, रस्सा झणझणीत, दोनदा मागून घेतला. ज्यांच्या नावावरून गावाला नाव पडलं त्या क्रांतिकारकाचं जन्मस्थान पाहिलं. भीमेकाठचा तो वाडा शांत आहे, शाळेची सहल नसेल तर जरूर जा. मी मात्र तिथं दहा मिनिटांवर थांबू शकलो नाही. खिशात आबांचा मेसेज वाजला होता, ‘मुद्दे किती झाले?’

उन्हात दोन ग्लास उसाचा रस पिऊन साडेतीनला चाकणला परत आलो. बायका बाहेर पडल्या आणि बस चौकात अडकली. एक तास गेला. मी सुनंदाताईकडे पाणी मागितलं. तिची बाटली जवळजवळ भरलेली होती.

“सगळं पी,” ती म्हणाली. “आम्ही एकची जेवणाची सुट्टी झाली की पाणी बंद करतो. सुटलो की कार्ड पंच करून गेटच्या बाहेर, परत आत सोडत नाहीत. मग घर येईस्तोवर तीन तास धरून बसायचं. त्यापेक्षा न प्यायलेलं बरं.”

“मला दोनदा मुतखडा झालाय,” चंद्रकला म्हणाली. “डॉक्टर म्हनतेत पानी प्या. आता त्यांना काय सांगाव?”

मी बाटली संपवली. अर्ध्या तासानं मला जी घाई लागली ती काही सांगायची सोय नव्हती. शेवटी ड्रायव्हरला दार उघडायला लावलं, खाली उतरलो, एका कंटेनरच्या आडोशाला उभा राहिलो आणि परत येऊन जागेवर बसलो. दोन मिनिटं लागली असतील. सगळ्या बायका पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

“तुमचं बरंय, भाऊ,” चंद्रकला म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. माझे कान तापले ते अजून आठवतात.

फाट्यावर उतरलो तेव्हा सात वाजत आले होते. सुनंदाताईनं पिशवीतून एक नवी फाइल काढली, प्लॅस्टिकच्या कप्प्यांची. मुलाखतीला इच्छुक आपापला कार्य अहवाल नेतात, आबांचा तर रंगीत पुस्तकासारखा असतो. हिच्या फाइलमध्ये बायकांच्या सह्यांचा अर्ज होता, महापालिकेला दिलेली दोन निवेदनं होती आणि पुढे एक कप्पा रिकामा.

“हा तुझ्यासाठी ठेवलाय,” ती म्हणाली. “तू लिहिलेलं छापून इथं घालणार. मुलाखतीच्या आधी दे, राजा. बाहेरच्या माणसानं लिहिलं की वरच्या लोकांना पटतं.”

“देतो ताई,” मी म्हणालो. आणि घरी जाऊन रात्रीतून आबांचं भाषण लिहिलं. चांगलं झालं होतं, हे कबूल करायला लाज वाटते, पण लिहिताना मला मजा आली.

मुलाखती एका मंगल कार्यालयात होत्या. सगळ्यांसमोर, स्टेजवर तीन निरीक्षक बसलेले. आबांचा नंबर आधी लागला. रोषणाईचं नावही न काढता ते थेट म्हणाले, “माझ्या भगिनी जेवणाच्या सुट्टीनंतर पाणी बंद करतात. का? तर घरी जाईपर्यंत त्यांना जागा नाही.” हॉलभर टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. त्यांच्यानंतर जो उठेल तो याच विषयावर बोलत होता. ज्यांनी आयुष्यात उद्यानापलीकडे काही मागितलं नव्हतं तेही.

सुनंदाताईची पाळी आली तेव्हा निरीक्षकांनी तिचं दोन मिनिटं ऐकलं. मग मधले साहेब म्हणाले, “हा मुद्दा आबांनी मांडलाच आहे. तुमचं वेगळं काय?”

“मी त्या बसमध्ये असते,” ती म्हणाली.

साहेबांनी फाइल चाळली आणि रिकाम्या कप्प्यावर बोट ठेवलं. “इथं काय होतं?”

“येणार होतं,” ती म्हणाली. मी चौथ्या रांगेत, आबांच्या माणसांत बसलो होतो. खाली वाकून बुटाची लेस बांधत राहिलो, बांधलेलीच होती.

आबांना तिकीट मिळालं, आबा निवडून आले. सगळ्या पक्षांच्या जाहीरनाम्यात त्या वर्षी स्वच्छतागृहं होती. फाट्याच्या पुलाखाली आता एक आहे, पहाटेही उघडं असतं, पाणी असतं, तुम्ही त्या बाजूनं गेलात तर निःसंकोच वापरा. पाटीवर आबांचं नाव आहे. उद्घाटनाला सुनंदाताई आली होती. “झालं ना काम,” ती म्हणाली आणि मग नेहमीसारखं विचारलं, “तुझं ते प्रवासाचं कधी येणार?” त्यानंतर भेटेल तेव्हा ती हेच विचारायची आणि मी कामाची सबब सांगायचो.

गेल्या रविवारी इथपर्यंतचं लिहून झालं. ब्लॉगवर टाकायच्या आधी छापून तिच्या घरी नेलं, आबांच्या मेसेजसकट सगळं. तिनं चहा ठेवला आणि ओट्याशी उभ्या उभ्या सगळी पानं वाचली. घाई केली नाही. एका ठिकाणी मी लिहिलं होतं की मुलाखतीत तिचा आवाज कापत होता. “कापत नव्हता,” ती म्हणाली. ते वाक्य मी काढलंय.

मग तिनं कपाटातून ती फाइल काढली. रिकाम्या कप्प्यात वर्तमानपत्राचं कात्रण होतं, आबांच्या भाषणाचं. ‘जेवणाच्या सुट्टीनंतर पाणी बंद’ या शब्दांखाली पेनानं रेघ मारलेली.

“बाहेरच्या माणसांत हे मी फक्त तुला सांगितलं होतं, बसमध्ये,” ती म्हणाली. “आबा बोलले त्याच दिवशी कळलं मला.”

“मग इतके दिवस विचारत का होतीस, ताई?”

“तू सांगतोस का बघत होते.”

मी पानं पुढे केली. तिनं फाइल मिटली आणि कपाटात ठेवली.

“आता तिथं जागा नाही,” ती म्हणाली. “ब्लॉगवरच टाक. चहा घे, निवतोय.”