मोरावर तापलेला बंब

हसायचं तर पोटभर हसा, पण चहा संपेपर्यंत मध्ये बोलू नका. हा गाढवपणा एका दमात सांगितला तरच माझ्याच्यानं सांगवतो!

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली होती. मी मुंबईला डिझाइनचा कोर्स करून सोलापूरला परतलो. डोक्यात एकच मंत्र: जेवढं कमी, तेवढं सुंदर! पहिल्याच दिवशी घरातली कॅलेंडरं उतरवली. दुसऱ्या दिवशी आईनं परत लावली. एकादशी कशी कळणार?

अक्कलकोट रोडवर चादरीच्या एका कारखान्यात नोकरी लागली. तिथे नरसय्या मास्तर होते. चादरीवर मोर उठतो ना, तो मागाला कळतो भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून. हजारभर पुठ्ठे, एकामागे एक ओवलेले. मास्तरांनी ते तरुणपणी स्वतःच्या हातानं पाडले होते. कागदावर नकाशा वगैरे काही नाही. मोर सगळा त्यांच्या डोक्यात!

आणि मी? मी काढली एकरंगी राखाडी चादर. काठ नाही, वेलबुट्टी नाही. शहरातल्या नव्या माणसासाठी!

मास्तरांनी ती चारी बाजूंनी फिरवून पाहिली. "सायेब, उशाकडची बाजू कुठली हो?"

"मास्तर, आधुनिक चादरीला बाजू नसते."

"मग आज पायावर घेतलेली बाजू उद्या तोंडावर येते की!"

मी हसलो. काय हसलो हो मी! आज आठवलं की कान तापतात.

त्याच आठवड्यात मोहोळचे कापडवाले आप्पा आले. वर्षानुवर्षं मोराची चादर नेणारं गिऱ्हाईक. मी माझी चादर पुढे केली. त्यांनी ती चिमटीत धरली, गालाला लावली.

"झ्याक हाय. पोत लई मऊ हाय."

"असाच माल काढू?"

"काढा की! लगीनसराईच्या आत द्या म्हंजे झालं."

आमचे मालक चकित. मी तर हवेत! मुंबईला कळलं नाही ते मोहोळला कळलं!

मग अंगातच आलं माझ्या. आता मोराला कोण विचारतंय? मागच्या खोलीत फळीवर तो पुठ्ठ्यांचा ढीग. कारखाना कसा मोकळा हवा! मास्तर डोळे दाखवायला दवाखान्यात गेले होते, मोतीबिंदू झाला होता त्यांना. मी कुणाला न विचारता पुठ्ठे सायकलला बांधून घरी नेले. आई बंब पेटवायला रद्दीच शोधत होती. घे म्हटलं! तीन दिवस आमच्याकडे कढत पाण्याच्या अंघोळी झाल्या.

आप्पा माल न्यायला आले. गठ्ठा सोडला. एक चादर उलटी केली, सुलटी केली, परत उलटी केली.

"मोर कुटं हाय?"

"मोर नाही, आप्पा. हेच डिझाइन."

"अवो, तुमी पोत दावला, मी पोत बगितला! हे कोरं कापड कोन पोरीच्या रुखवतात मांडंल?"

मालकांनी लगेच सावरून घेतलं. "मास्तर, चढवा मोराचे पुठ्ठे. आठ दिवसांत देऊ आप्पांना."

मास्तर मागच्या खोलीकडे वळले आणि माझ्या तोंडून निघालं, "बंबात."

"काय बंबात?"

"मोर."

मास्तर जाऊन रिकाम्या फळीवर हात फिरवत राहिले. पुन्हा पाडायचे तर डोळे कुठे होते? ओरडले असते, एक थोबाडीत दिली असती, तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "रिकामं लई चांगलं करता तुमी, सायेब."

तिथेच रडलो मी. तो मोर त्या कारखान्यात पुन्हा कधी विणला गेला नाही.

आप्पा तसेच मोहोळला परतले. राखाडी चादरी कुणी घेईना, त्यातली एक माझ्या वाट्याला आली. मास्तरांनी माझ्याकडूनच सुईत दोरा ओवून घेतला आणि तिच्या एका कोपऱ्यात चाचपत चार लाल टाके घातले. "हे उशाकडं ठेवा, सायेब."

मास्तरांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. दोरा विटून-झिजून चादरीसारखाच राखाडी, सपाट झालाय आणि मोतीबिंदू मलाही झालाय. रोज झोपताना कोपरे चाचपतो. टाके काही सापडत नाहीत आणि पायाकडची बाजू नेमकी तोंडावर येते.

येऊ दे. माझ्या तोंडाला तीच शोभते!