सेक्रेटरींची मान

"मागणी रास्त आहे, पण वेळ योग्य नाही," असं म्हणून आमचे सेक्रेटरी चष्मा काढायचे आणि शर्टाच्या टोकाने पुसायचे.

वाक्य त्यांचं नव्हे. एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या पर्सोनेल मॅनेजरचं. त्या माणसासमोर वाटाघाटीला बसून बसून ते यांच्या तोंडात कायमचं मुक्कामाला आलं होतं. चहा सांगू का विचारलं तरी हेच, पंखा दुरुस्त करू म्हटलं तरी हेच. चष्मा पुसणं मात्र गरजेचं होतं. आमच्या कामगार संघटनेचं ऑफिस पिठाच्या गिरणीवर. बाकी नगरमध्ये धूळ बसते, आमच्याकडे ज्वारी बसायची.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. प्रत्येक संघटनेत एक असतोच. भाषण करणारे वेगळे, हार घालून घेणारे वेगळे, आणि अर्ज लिहिणारा हा एकटा. फोटोत त्याचा अर्धा खांदा येतो.

मी पत्रकं लिहायचे. ती छापायला जाण्याआधी त्यांच्याकडे जायची. ते मला नावाने कधी हाक मारत नसत.

"पत्रकवाली, एका पानात तीनदा धिक्कार?"

"काका, गोष्टच तशी आहे."

"असू द्या. पुढच्या महिन्यात याहून वाईट झालं तर काय करणार? थोडा राखून ठेवा."

कामगार तक्रार घेऊन आला की ते "बोला" म्हणायचे आणि तो बोलत असतानाच टाइप करायला लागायचे. वर बघत नसत. माणसं त्यांच्या टकलाशी बोलायची. एकदा ठेकेदाराकडची एक बाई पाऊण तास बोलली आणि जिना उतरताना मला विचारलं, "ताई, ह्यांला तोंड हाय का न्हाई?" आठवड्याने तिचा थकलेला पगार मिळाला. तोंड तिने तेव्हाही पाहिलं नाही.

मान खाली असण्याचं कारण मॉनिटर. त्याचा पाय मोडका, त्यामुळे तो टेबलावर जवळजवळ बसलेलाच असायचा. त्याच्याखाली आम्ही जुन्या लेटरहेडचे गठ्ठे ठेवले होते. जिल्ह्याचं नाव बदललं, लेटरहेड उरले. पण काकांना पाठकोरा कागद वाया गेलेला चालत नसे. कच्चा मसुदा लिहायला ते त्याच गठ्ठ्यातून कागद ओढायचे. एकेका तक्रारीबरोबर स्क्रीन खाली येत गेला, आणि त्याच्यामागून मान.

एक दिवस त्यांच्या हातून चहाचा ग्लास पडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडला. तेव्हा कळलं की उजव्या हाताचा अंगठा आणि बाजूची बोटं बधिर होतात. मी त्यांना ओढून सावेडीतल्या डॉक्टरांकडे नेलं. मानेतली नस दबली होती. डॉक्टर म्हणाले, मान सरळ ठेवून काम करता आलं तर करा, नाहीतर कॉम्प्युटर सोडा.

"सोडा म्हणे," जिना चढताना काका म्हणाले. "सोडून करू काय? मुलीकडे जाऊन तिच्या सोसायटीत पार्किंगचे अर्ज लिहू?"

मी विनोदावर हसले नाही. त्यांनाही हसू आलं नव्हतं.

मी मॉनिटर आर्म सुचवला. टेबलाला पकडून बसतो, मॉनिटर हवेत धरतो, हवा तिथे ओढा, हवा तसा वळवा. काका म्हणाले, ठराव आणा. आमच्याकडे ठरावाशिवाय झाडूसुद्धा येत नाही. मीटिंगला आम्ही तिघं होतो: काका, मी आणि आमचे खजिनदार, ज्यांचं स्टेशन रोडला वेल्डिंगचं दुकान आहे.

मी विषय मांडला. काका आपल्या खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून पलीकडच्या बाकावर बसले. ती आता व्यवस्थापनाची बाजू झाली.

"मागणी रास्त आहे—"

"वेळ योग्य आहे," मी म्हणाले. "तुमच्या हातातून ग्लास पडतात."

"स्टीलचे आणा. कामगाराने आधी उत्पादन वाढवावं, सोयी नंतर."

"मग मी उद्यापासून पत्रक लिहिणार नाही."

"बेकायदेशीर संप. नोटीस दिलीत?"

"आत्ता देते."

"लेखी."

मी खरंच लिहिली. त्यांनी वाचली, 'अमानुष' हा शब्द खोडला आणि परत दिली.

खजिनदार इतका वेळ दाढी खाजवत बसले होते. म्हणाले, "झालं का तुमचं? मान दुखतीया कुनाची अन् भांडतंय कोन, काय कळंना. काका, तुमी मालक हाय का कामगार, येक काय ते ठरवा."

मला त्या दिवशी राग आला, तो अजून उतरलेला नाही. या माणसाने कॅन्टीनच्या बाकांना पाठ हवी म्हणून गेटवर उपोषण केलं होतं. यंत्रावर उभं राहणाऱ्या बायकांना स्टूल मिळावं म्हणून वर्षभर पत्रव्यवहार केला होता. स्वतःच्या मानेसाठी त्याला स्वतःविरुद्ध वाटाघाट करावी लागत होती, आणि मालकाची बाजू त्याला आमच्यापेक्षा चांगली पाठ होती. आम्हाला हे असंच आवडतं. झिजलेल्या माणसाला आम्ही निष्ठावान म्हणतो आणि त्याची खुर्ची बदलत नाही.

ठराव दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला.

मग निवड. खजिनदारांचं म्हणणं, विकत कशाला, मी वेल्ड करून देतो, हत्ती लटकवा. मी विचारलं, वरखाली होईल का? ते म्हणाले, "व्हईल की. कापायचं अन् परत जोडायचं." तो प्रस्ताव मागे पडला. आर्म किती वजन पेलतो ते खोक्यावर लिहिलेलं असतं, पण आमच्या मॉनिटरचं वजन कुणाला माहीत नव्हतं. म्हणून मोडका पाय काढून मी मॉनिटर कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर नेला. त्याने वजन केलं आणि गल्ल्यात हात घातला. विकायचा नाही म्हटल्यावर तो फार नाराज झाला. "मग आणला कशाला? उगं आशा लावायची."

मॉनिटरच्या पाठीवर स्क्रूची चार भोकं लागतात, ती होती. अडलं टेबलापाशी. टेबल बंद पडलेल्या कंपनीच्या कॅन्टीनचं. कडेखाली लोखंडी अँगल, त्यामुळे आर्मचा शिकंजा बसेना. दुसरा मार्ग म्हणजे टेबलाला मधोमध भोक पाडून बोल्ट कसायचा.

"नाही," काका म्हणाले. या वेळी नाटक नव्हतं. "या टेबलावर करार झालाय. याला भोक नाही."

मला वाटलं, गेलं सगळं. खजिनदार टेबलाखाली शिरले, बराच वेळ ठोकत बसले, आणि तिथूनच म्हणाले, "अँगलला म्हागून पट्टी मारतो. तिला धरील. तुमचा करार सुखात ऱ्हाईल."

पट्टी लागली. आर्म बसला. आता यातली एक गोष्ट खोक्यातल्या कागदावर लिहिली होती, पण ती आम्ही नंतर वाचली: मॉनिटर लावल्याशिवाय आर्मला बांधलेली दोरी सोडायची नाही. खजिनदारांनी सोडली. आर्म उसळला आणि ट्यूबलाइट फुटली. खजिनदार काचा झटकत म्हणाले, "ताकद हाय." मॉनिटर चढवला तर तो सावकाश खाली यायला लागला, एखाद्याला झोप यावी तसा. तिथे एक स्क्रू असतो, तो किल्लीने पिळत गेलं की स्प्रिंग ताठ होते. पिळला, थांबला.

उंचीही कागदाप्रमाणेच लावली, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. काका बसले आणि हनुवटी छताकडे गेली. चष्मा दोन नंबरांचा, जवळचं खालच्या काचेतून दिसणार. खाली बघणारी मान आम्ही वर बघणारी करून ठेवली होती. मग कागद बाजूला ठेवून स्क्रीन बोटाबोटाने खाली घेतला, हनुवटी सरळ होईपर्यंत.

"बरं वाटतं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे शब्द मी प्रथमच ऐकले.

पुढचे काही महिने आमच्या ऑफिसात विचित्र प्रकार झाला. माणूस तक्रार घेऊन आला की काका एका बोटाने स्क्रीन बाजूला सारायचे आणि समोर बघायचे. समोर बघितल्यावर टाइप करता येत नाही, म्हणून ऐकायचे. ऐकल्यावर लोक जास्त बोलायचे, काही रडायचे. काकांना त्याची सवय नव्हती. एका बाईच्या रडण्यावर त्यांनी तिला स्टेपलर दिला. अर्ज हळू निघायला लागले. पण लोक जिना उतरताना आता त्यांच्याबद्दल बोलत, त्यांच्या तोंडाबद्दल नाही.

मान सुधारली. बोटं सुधारली नाहीत. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला होता. काका डाव्या हाताने टाइप करून बघत होते, आणि अर्ध्या पानाला दुपार जायची. एका सोमवारी आले ते माझ्या खुर्चीपाशी नाही थांबले, स्वतःच्याही नाही. तक्रारदारांच्या बाकावर बसले.

"लिहा," म्हणाले. "विषय, सेक्रेटरीपदातून मुक्त करण्याबाबत."

मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि लिहायला लागले. स्क्रीन आमच्या दोघांच्या मधे वळवला होता, त्यांनाही दिसावा म्हणून.

"कारण, वैयक्तिक अडचण."

मी लिहिलं: संघटनेच्या कामामुळे मान आणि उजवा हात निकामी झाल्याने.

"ते काढा."

"नाही काढणार."

"पत्रकवाली, अर्ज माझा आहे."

"खरं आहे म्हणून लिहिलंय. दुसऱ्या कुणाचं असतं तर तुम्ही नुकसानभरपाई मागितली असती."

त्यांनी डावा हात पुढे केला आणि स्क्रीन पूर्ण आपल्याकडे ओढून घेतला. आर्म आवाज न करता गेला. मला फक्त मॉनिटरची पाठ दिसत होती, चार स्क्रू आणि त्यावरचं पीठ. मी थांबले नाही. न बघता लिहीत राहिले: कोणाच्या थकलेल्या पगारासाठी, कोणाच्या स्टुलासाठी, कोणत्या बाकांसाठी, जेवढं आठवलं तेवढं सगळं. एकही धिक्कार नाही. पलीकडे ते वाचत होते. खाली गिरणी चालू होती.

लिहून संपलं. त्यांनी खोडायला काही सांगितलं नाही. मी छापून कागद पुढे ठेवला.

"सही कुठे करू?" त्यांनी विचारलं. इतकी वर्षं ते बोट ठेवून लोकांना जागा दाखवत आले होते.

मी बोट ठेवलं. त्यांनी डाव्या हाताने सही केली. नुकतंच लिहायला शिकलेल्या माणसाची वाटावी, अशी ती झाली.